उघाडीवरची शाळा

शाळा तपासायला जाणाऱ्या माणसाला स्वतःला वाचता येत नव्हतं, हे आज सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. पण शिवराम मिस्त्रींना वाचता येत नव्हतं. आकडे येत, फूट-इंच-सूत सगळं तोंडपाठ, पण अक्षरांशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. ते बोलत आणि मी लिहीत असे. खाली ते डाव्या हाताचा अंगठा उठवीत, मग तो धोतराला पुसून म्हणत, "झालं. आता ह्याच्यावर कुणाचं तरी नशीब."

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा भाईंदरच्या शाळेत मास्तर होतो. आमचं एक लहानसं मंडळ होतं. त्याला नाव द्यायचं राहूनच गेलं. दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडरकाका अध्यक्ष, स्टेशनाजवळचे एक किराणावाले शेठ, मिस्त्री आणि मी. आसपासच्या गावांत कोणी गरिबांच्या पोरांसाठी शाळा काढली, की तो आमच्याकडे अर्ज करी. आम्ही शाळा पाहून यायचो आणि पटली तर वर्षभर पाट्या, पेन्सिली, शिकवणाऱ्याला थोडंसं मानधन द्यायचो. देणारे शेठ आणि त्यांचे दोन-तीन ओळखीचे व्यापारी. अर्ज यायचे ढीगभर, आणि मदत पुरायची दोन-तीन शाळांना. म्हणजे आमचं खरं काम नाही म्हणण्याचं. त्या कामाचा शीण अजून माझ्या अंगात आहे. लोक समजतात, दान करणाराला रात्री छान झोप लागत असेल.

मिस्त्री मुंबईला एका फर्निचरच्या कारखान्यात मोठे कारागीर होते. पन्नाशीचे, उंच, खांद्यातून किंचित वाकलेले. कानामागे पेन्सिलीचा तुकडा कायम. लिहिता न येणाऱ्या माणसाच्या कानावर पेन्सिल आणि माझ्यासारख्या मास्तराच्या खिशात कधी सापडायची नाही, यावरून ते माझी थट्टा करीत. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. मंडळात कसे आले विचारलं तर म्हणत, "शेठच्या दुकानाचं कपाट बसवायला गेलो होतो, त्यांनी मलाच बसवून घेतलं."

त्यांच्या कारखान्यात सुट्टी अमावास्येची. जुन्या कारागिरांची ती रीतच होती, अमावास्येला हत्याराला हात लावायचा नाही. त्यामुळे आमच्या तपासणीचा दिवस आपोआप ठरला. माझी शाळा सकाळची, दहाला सुटायची. ती सुटली की मिस्त्री फाटकाशी छत्री घेऊन उभे असायचे. आम्ही चालत निघायचो. कंपाउंडरकाकांचे गुडघे आणि शेठचं दुकान, दोन्ही जागचे हलत नसत.

आधी कळवून जायचं नाही, हा मिस्त्रींचा पहिला नियम. दुसरा नियम, शेजाऱ्यापाजाऱ्यांना काही विचारायचं नाही. मी म्हणे, "अहो, विचारलं तर काय बिघडतं?" तर म्हणत, "मास्तर, विचारलं की माणूस खोटं बोलतो. लबाड असतो म्हणून नाही, बिचाऱ्याला लाज वाटते म्हणून. लाकडाला लाज नसते. लाकूड बघावं."

आणि ते खरंच लाकूड बघत. शाळेत शिरण्याआधी उंबऱ्याशी उकिडवे बसत आणि त्याच्या मधोमध अंगठा फिरवीत. काशी गावापलीकडे डोंगराच्या पायथ्याशी वारल्यांच्या पाड्यावर एक शाळा पाहायला गेलो होतो. चालवणारे गृहस्थ मोठे गोडबोले. आम्ही येणार याचा त्यांना कुठून तरी वास लागला होता. पोरं ओळीने बसलेली, तेल लावून भांग पाडलेले, आम्हाला बघताच त्यांनी गाणं सुरू केलं. माझे डोळे भरून आले. मास्तर माणूस, गाण्याला लगेच पाझरतो. मिस्त्री आत आलेच नाहीत. उंबऱ्यावर अंगठा फिरवून म्हणाले, "दोन वर्षं शाळा चालू आहे म्हणता?" गृहस्थ म्हणाले, "हो तर, दोन वर्षं पुरी झाली." मिस्त्री म्हणाले, "ह्याच्यावर तासताना पडलेले वाकसाचे घाव अजून जसेच्या तसे आहेत. दोन वर्षं पोरं उडत येतात काय?" पुढे कळलं, पोरं त्या दिवसापुरती शेतावरून उचलून आणली होती. परतताना मी मिस्त्रींची तारीफ करू लागलो तर वैतागून म्हणाले, "पुरे हो. पोरांना जेवायला घालतो म्हणून आणलं असेल. जेवली तरी असतील का?"

उत्तनला उलट घडलं. तिथे कोळीवाड्यात एका म्हाताऱ्या गृहस्थाने घराच्या ओटीवर शाळा मांडली होती. आम्ही गेलो तेव्हा चारच पोरं. त्यातलं एक झोपलेलं. म्हातारा ओशाळून सांगत होता की होड्या आल्यात, बाकीची किनाऱ्यावर गेलीत. मी मनातल्या मनात नकाराचं पत्र लिहायलाही घेतलं. मिस्त्री मात्र पोरं बसायची ती लांब फळी हाताने चाचपत होते. "मास्तर, इथे या. अकरा ठिकाणी गुळगुळीत झालीय. अकरा पोरं बसतात रोज." ती शाळा आम्ही धरली आणि ती चांगली चालली. तेव्हापासून मंडळात मिस्त्रींच्या अंगठ्यापुढे कोणी बोलेनासं झालं. कंपाउंडरकाकाही नाही, आणि ते तर सगळ्याच विषयांवर बोलत.

राईच्या मिठागरावरची शाळा मोनीबायची. मोनीबाय उत्तनची, ख्रिस्ती घरातली, मिशनच्या शाळेत शिकलेली, तिशीची असेल. राईला एका आगरी कुटुंबाच्या पडवीत राहून ती आगरावरच्या पोरांना शिकवी. मिठाच्या हंगामात घरंच्या घरं आगरावर राबायची आणि पोरांनाही काम असायचंच, आगराची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची, पाणी वळवायचं. अशी पोरं गावातल्या शाळेत कशी येणार? म्हणून मोनीबायने शाळाच आगरावर नेली. मीठ साठवायच्या खोपटाच्या सावलीला, चार खांब आणि वर पेंढा, एवढीच. तिच्या अर्जाचं अक्षर इतकं सुंदर होतं की कंपाउंडरकाकांनी पहिल्या वर्षाची मदत न बघताच मंजूर केली. दुसऱ्या वर्षासाठी मात्र तपासणी ठरली.

माघातल्या अमावास्येला आम्ही बांधावरून चालत गेलो. अकरा वाजून गेले असतील. खोपटात चिटपाखरू नाही. लांबवर, खाडीकडच्या मोठ्या बांधावर, माणसांची गर्दी दिसत होती. तिकडून पोरांचा कालवा ऐकू आल्यासारखा वाटे, पण वारा आमच्याकडून तिकडे जाणारा, नीट काही कळेना. मधे पाऊण मैलाचा चिखल. मी म्हणालो, "आगरावर पोरं असायचीच." मिस्त्री खाली बसून जमीन चाचपत होते. जमीन ताजी सारवलेली. फळी नाही, उंबरा नाही. पोरं बसायला गोणपाट आणत आणि जाताना घडी करून नेत, हे आम्हाला नंतर कळलं. खांबाला हात लावला तर मिठाने पांढरा झालेला. "इथे लाकूडच नाही, मास्तर," ते म्हणाले. एवढे गोंधळलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

एका भेटीवर निकाल द्यायचा नाही, असं त्यांनीच ठरवलं. फाल्गुनातल्या अमावास्येला गेलो, तेच. चैत्रातल्या अमावास्येला गेलो, तेच. त्या शेवटच्या वेळी ऊन असं होतं की बांधाकडे नुसतं बघवेना. मिस्त्री बराच वेळ उभे राहिले. लांबून पोरांचा आवाज येतच होता. मग छत्री उघडून म्हणाले, "पोरं उंडारतायत आणि शाळा ओस. चला." परत येताना एका बाभळीखाली बसले आणि म्हणाले, "नाही म्हणायलाच जन्माला आलो आपण."

मी पत्र लिहिलं. शाळा भरत नसल्याचे तीन वेळा आढळले, सबब मदत पुढे चालू ठेवता येत नाही. अक्षर मीही जरा बरं काढलं, मोनीबायच्या अक्षराला शोभेलसं. मिस्त्रींनी अंगठा उठवला. मोनीबायचं उत्तर आलं नाही, आणि उत्तर येत नाही म्हणजे अपराध कबूल, असा अर्थ आम्ही सगळ्यांनी खुशाल काढला.

मग लढाई आली. मिस्त्रींच्या कारखान्याला लष्कराच्या पेट्यांचं काम मिळालं आणि जुनी अमावास्येची सुट्टी जाऊन रविवारची आली. पंचांगाला लढाईशी काय देणंघेणं, असं मिस्त्री कुरकुरत. आमची तपासणीही रविवारी गेली. एका रविवारी मुर्ध्याच्या एका अर्जासाठी निघालो आणि राईच्या आगरावरून वाट काढली. खोपटाजवळ पोशा नावाचा एक म्हातारा मीठ ओढायची फळी दुरुस्त करत बसला होता. आम्हाला बघून हसला.

"काय साहेब, आज कशे वाट चुकलात? आज तं आमास न्हाय."

मिस्त्री थबकले. "अमावास्येचं काय?"

"तुमी तं आमाशेलाच येव ना. तीन येला आलाव. आमी बोलायचो, ही मानसं उधानाच्या दिसालाच कशी येतान?"

उधाणाचा दिवस. आगराला समुद्राचं पाणी लागतं, आणि ते घ्यायचं अमावास्येच्या आणि पुनवेच्या मोठ्या भरतीला. त्या दिवशी आगरावरचं प्रत्येक माणूस, प्रत्येक पोर, खाडीच्या बांधावर असलेल्या लाकडी दाराशी जातं. त्या दाराला उघाडी म्हणतात. पाणी चढेपर्यंत वाट बघायची, चढलं की दार उघडायचं आणि धावपळ करून पाणी आगरात वळवायचं. हे पोशाने सांगितलं तेव्हा मला माझा हजेरीपट आठवला. माझ्याच शाळेत आगरी पोरांच्या नावापुढे दर पंधरा दिवसांनी गैरहजेरी पडे. मी ती स्वतःच्या हाताने मांडत होतो आणि पोरांच्या हातांवर छड्या देत होतो. कधी डोकं चाललं नाही.

"आणि मोनीबाय?" मिस्त्रींनी विचारलं. शाळेबद्दल आसपासच्या माणसाला त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"ती बी उघारीवरच. पानी चरेपरत दोन-दोन तास नुसतं बसाचं, तं ती तिकरंच शाला भरवी. आमाशेला तं पोरा जास्ती. मोठी बी बसत." पोशाने फळी खाली ठेवली. "चांगली बाय व्हती. गेली परत उत्तनला."

मिस्त्री खोपटाच्या सावलीत बसले.  मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागलो तर हात वर करून थांबवलं. मग म्हणाले, "तीन वेळा आलो मास्तर. तीन वेळा तिच्या पोरांचा आवाज ऐकला. चिखलात पाय घालवत नव्हता म्हणून परत फिरलो, आणि वर लाकडाला दोष दिला." मुर्ध्याला त्या दिवशी आम्ही गेलोच नाही.

पुढच्या रविवारी ते मला घेऊन उत्तनला गेले. मोनीबाय किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालत होती. आम्हाला तिने लगेच ओळखलं, म्हणजे छत्रीला ओळखलं. हात पदराला पुसले आणि उभी राहिली. मिस्त्रींनी काही प्रस्तावना केली नाही. म्हणाले, "बाय, मी चुकलो. तुझी शाळा मी बघितलीच नाही."

तिला कळेना. "बघितली न्हाय? तीन वेला आलात की. मी उघाडीवरून बघत होते, तुम्ही खोपटाशी उभे. तुम्ही लांबून ऐकताय असं वाटून मी पोरांना उभी करायची. पाढे म्हणा, जोरात म्हणा, साहेब ऐकतायत. पोरं घसा फुटेस्तोवर म्हणायची. मग तुम्ही छत्री उघडून निघून जायचात."

"आणि पत्र?"

"पत्रात लिवलं होतं शाला भरत न्हाय. मला वाटलं, शिकवणं बरं न्हाय हे तोंडावर सांगवेना, म्हणून चांगल्या माणसांनी असं लिवलंय." ती वलांडीवरचा एक बोंबील उगाच सारखा करत राहिली. "ऐकून गेलात आणि पसंत पडलं न्हाय. मग म्हटलं, आपल्याला येत नसंल शिकवायला. आपण आपलं हेच करावं."

मी आयुष्यात पुष्कळ पत्रं लिहिली. त्या एका पत्राची मला अजून लाज वाटते. मिस्त्री तर वाळूत बसकणच मारून बसले. पन्नाशीचा उंच माणूस, आणि त्यांना उठवायला मला हात द्यावा लागला.

मंडळाच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, "माझा अंगठा मी परत घेतो." कंपाउंडरकाकांना वाईट वाटलं, पण मदतीतली राईची जागा एव्हाना दुसऱ्या शाळेला गेली होती, आणि त्या शाळेतलीही पोरं गरिबांचीच होती. त्यांच्या तोंडातलं कसं काढणार? लढाईमुळे पाट्याही मिळत नव्हत्या. मिस्त्री वाद घालत बसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी तपासणीला येणं बंद केलं. कारखान्यातले पेट्यांच्या फळ्यांचे उरलेले तुकडे मालकाकडून मागून आणले, त्यांना रंधा मारून, कडा घासून, वर काळा रंग देऊन लाकडी पाट्या केल्या. पाट्यांचं ओझं खांद्यावर घेऊन ते पुन्हा उत्तनला गेले. या खेपेला एकटेच. काय बोलणं झालं ते मिस्त्रींनी एकदाच सांगितलं. मोनीबाय म्हणाली होती, "मी येईन, पण तुम्ही पुन्हा तपासायला यायचं न्हाय." मिस्त्री म्हणाले, "तपासायला नाही येणार." "मग?" "बसायला येईन."

मला ती बोलण्याची एक रीत वाटली. पण मोनीबाय राईला परतली, आणि मिस्त्री दर अमावास्येला कामावर खाडा करू लागले. आता त्या दिवशी सुट्टी नव्हती, मजुरी बुडायची. मुकादम बोलायचा. एकदा मी म्हणालो, "रविवारी जात जा ना, शाळा काय रविवारीही भरते." तर म्हणाले, "अमावास्येला चुकलो, ते रविवारी कसं भरून निघेल?" ते अलीकडे फार थकले होते. गुडघे धरत, श्वास लागे. मंडळही थकलं होतं. शेठ वारले, काकांची दृष्टी गेली, अर्ज मात्र येतच राहिले. मी एकटाच त्यांना नकार लिहीत बसे, आणि लिहिण्याआधी पंचांग बघे.

लढाई संपल्यावर माझी बदली झाली. मिस्त्रींचा निरोप घ्यायला खोलीवर गेलो तर कुलूप. भिंतीवर पंचांग टांगलेलं असे ते खिडकीतून दिसलं. अमावास्या होती. मी तसाच राईला निघालो.

खोपटाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पूर्वी आम्ही जिथे उभे राहायचो तिथेच मी उभा राहिलो. लांब खाडीच्या बांधावर माणसं दिसत होती, तोंडं हलत होती, ऐकू काही नीट येत नव्हतं. मग मी धोतर वर खोचलं आणि चिखलात उतरलो. पाऊण मैल जायला अर्धा तास लागला. दोनदा पडलो.

बांधावर पोरं गोणपाटं घालून बसली होती. मागच्या ओळीत, सगळ्यांच्या डोक्यांवर उंच, मिस्त्री बसले होते, मांडीवर त्यांनीच केलेली काळी पाटी, आणि कानामागची पेन्सिल एकदाची हातात. मी आल्याचं त्यांनी पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. तेवढ्यात पोशा ओरडला, "पानी आला रं!" सगळी पोरं उठली, गोणपाटं पटापट घडी झाली, उघाडीचं दार वर गेलं आणि पाणी आत घुसलं. बांधावर एकटे मिस्त्री उरले.

"मिस्त्री, उठा, पानी आलं," मोनीबाय म्हणाली.

"थांब बाय, एवढं पुरं करतो," ते मान वर न करता म्हणाले. पाटीवर त्यांचं नाव उतरत होतं, पहिली दोन अक्षरं बरी आलेली, तिसरं वाकडं. त्यांनी ते क्षणभर निरखलं. मग ते तेवढं एकच अक्षर अंगठ्याने पुसलं आणि पुन्हा काढायला घेतलं.